घंटेचा टोला कापला तर काय उरतं?

ध्वनिमुद्रणाचं तंत्र बदललं की संगीत बदलतं, हे आपण सहज मान्य करतो. पण ऐकणंही बदलतं का? पीएचडीच्या निमित्ताने माझा ध्वनीच्या आलेखांशी रोज संबंध येतो, आणि या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला १९४८ च्या पॅरिसमध्ये सापडतं.

पिएर शेफर (१९१०–१९९५) शिक्षणाने इंजिनियर, नोकरी फ्रेंच रेडिओत. त्या वर्षी त्याने बातिन्योल स्टेशनात इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांतून जेमतेम तीन मिनिटांची एक रचना केली. ५ ऑक्टोबरला ती रेडिओवर वाजली. टेप अजून त्याच्या हाती आली नव्हती. सगळं काम तबकड्यांवर.

अडचण अशी, की गाडीचा आवाज ऐकला की डोळ्यांसमोर गाडीच येते. संगीत राहतं बाजूला. यातून दोन युक्त्यांनी वाट दाखवली.

पहिली, बंद खाच. तबकडीवरची खाच आत आत सरकत जाते. ती एका फेरीत स्वतःलाच जोडली, तर सुई तिथेच फिरत राहते. मिनिटाला ७८ फेऱ्या, म्हणजे एक फेरी साधारण पाऊण सेकंदाची. तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला की गाडी विसरायला होते. उरतो ठेका, खरखर, चढउतार. (स्वतःचं नाव पन्नास वेळा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे कळेल!)

दुसरी, कापलेली घंटा. शेफरने घंटेच्या नादातला सुरुवातीचा टोला वगळला आणि पुढचं विरत जाणं सपाट केलं. घंटा ओबोसारखी वाजू लागली. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य. वाद्य ओळखताना आपला कान आरंभीच्या क्षणांशावर किती विसंबून असतो, हे यातून दिसलं.

म्हणजे आधी हाताने कापलं, मग कानाला कळलं. सिद्धान्त नंतर आला. १९६६ च्या ग्रंथात शेफरने आवाज कशाचा, त्याचा अर्थ काय, हे बाजूला ठेवून नुसता आवाज ऐकण्याच्या सवयीला नाव दिलं. शब्दशः अर्थ, 'कमी केलेलं ऐकणं'.

गंमत म्हणजे १९८६ च्या एका मुलाखतीत तो स्वतःच्या कामाबद्दल निराश होता. दो-रे-मीच्या, म्हणजे आपल्या सा-रे-ग-मच्या, बाहेर संगीत शक्य नाही, अशा निष्कर्षाला तो पोचला होता.

संगीताबद्दल त्याचं बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. ऐकण्याबद्दल मात्र निकाल लागलाय. आज कुठल्याही संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लूप' आणि 'अटॅक' ही बटणं असतात. ती आठवडाभर फिरवणाऱ्याला तबल्याचा एक 'ना'सुद्धा एकसंध ऐकू येत नाही. आधी बोटाचा आघात, मग गुंजणारी पुडी. आवाज तोच असतो; कानाला आता त्यातला सांधा माहीत झालेला असतो.