खाटेजवळ आधी पोलिस यायचा

लाखनी-साकोलीकडं बातमीदारी करताना आत्महत्येच्या प्रयत्नाच्या बातमीची शेवटची ओळ ठरलेलीच असायची. 'पोलिसांनी कलम ३०९ अन्वये गुन्हा नोंदवला असून पुढील तपास सुरू आहे.' म्हणजे माणूस वाचला, आणि वाचला म्हणून आरोपी झाला. मेला असता तर गुन्हा नव्हता! आता हे कलम राहिलं नाही. ते कसं गेलं आणि त्याच्या जागी काय यायला पाहिजे होतं, यावर आपल्याकडं कोणी बोलत नाही, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

कलम इंग्रजांचं, १८६० च्या दंड संहितेतलं. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. खुद्द इंग्लंडनं १९६१ मध्ये आपल्या कायद्यातून हा गुन्हा काढून टाकला. आपण मात्र धरून बसलो. विधी आयोगानं १९७१ मध्ये कलम काढा म्हणून सांगितलं, १९७८ मध्ये राज्यसभेत विधेयक मंजूरही झालं. पुढं लोकसभाच बरखास्त झाली आणि विधेयक बारगळलं.

खरा धक्का दिला तो महाराष्ट्रातल्या एका खटल्यानं. मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य. दुबळ मुंबई पोलिसांत शिपाई. अपघातात डोक्याला मार बसला, त्यानंतर मानसिक आजार जडला. १९८५ मध्ये महापालिका आयुक्तांना भेटायला गेले, भेट मिळाली नाही, आणि तिथंच त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. लोकांनी वाचवलं. मग गुन्हा! पोलिसावर पोलिसांनीच. सप्टेंबर १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. जो मरायला तयार झाला त्याला तुरुंगाची भीती काय दाखवता? आजारी माणसाला उपचार लागतात, कोठडीत त्याची तब्येत आणखी बिघडते. (हेच सावंत पुढं प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आम्हा पत्रकारांना ते नाव तिथून जास्त माहीत.)

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कलम रद्द ठरवलं, पण १९९६ च्या ग्यान कौर निकालानं ते परत जिवंत केलं. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या कलम ११५ नं सांगितलं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चाला, त्याच्यावर खटला भरू नका. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३०९ पुस्तकातून गेलं. एक शेपूट तेवढं राहिलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी प्रयत्न केला तर कलम २२६. दुबळही सरकारी कार्यालयातच गेले होते, हे इथं आठवतं.

पण माझा मुद्दा ११५ च्या दुसऱ्या पोटकलमाचा आहे. तिथं लिहिलंय की अशा माणसानं पुन्हा तसा प्रयत्न करू नये म्हणून त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. गुन्हा गेला हे सगळ्यांना कळलं. हे कर्तव्य किती जणांना माहीत आहे? दवाखान्यात एमएलसीचा कागद अजूनही भरला जातो. पोट साफ होतं, सलाईन उतरतं, सुट्टी मिळते. पुढं काय, याचा कागद नसतो.

तो कागद जगात तयार आहे. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तो बांधला, 'सुरक्षा योजना' म्हणतात. एकच पान, आणि ते त्या माणसानं स्वतःच्या शब्दांत, समोर बसलेल्याच्या मदतीनं लिहायचं. वाईट वेळ येतेय हे मला कशावरून कळतं? झोप उडते, जेवण नको वाटतं, की सावकाराचा फोन येतो तेव्हा? तेव्हा मी एकटा काय करू शकतो? कोणाच्या ओट्यावर जाऊन बसलं की मन दुसरीकडं लागतं? खरं कोणाला सांगू शकतो? डॉक्टरचा नंबर कोणता? आणि घरात धोक्याचं जे काही आहे ते काही दिवस कोणाच्या ताब्यात राहील? आमच्या धानपट्ट्यात हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. फवारणीचं औषध घरातच ठेवलेलं असतं. ते भावाकडं, शेजाऱ्याकडं कुलपात गेलं तर कठीण घटका टळून जायला वेळ मिळतो.

दुसरा दाखला जवळचा. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १८६७ जणांवर अभ्यास केला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्याअधिक नाही, पण बऱ्याच जणांशी सुट्टीच्या वेळी तासभर बोलणं झालं आणि मग दीड वर्षात नऊदा फोन किंवा भेट. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. नेहमीच्या गटात २.२ टक्के लोक पुढं आत्महत्येनं गेले, या गटात ०.२ टक्के. नऊ फोन, बापा! यासाठी सुपरस्पेशालिटी लागत नाही, सिस्टर किंवा आशाताईसुद्धा शिकून करू शकतात.

घरचे म्हणतात, 'विषयच काढू नका, परत डोक्यात येईल.' तसं होत नाही. सरळ विचारलं तर माणूस हलका होतो. मोठा माणूस आहे, त्याचा मोबाईल काढून घेऊन पहारा बसवण्यापेक्षा 'रात्री वाईट वाटलं तर मला उठवशील का?' एवढं विचारा, आणि उत्तर त्या पानावर लिहून घ्या. पानाच्या खाली १४४१६ लिहा. ही सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, दिवसरात्र, मराठीत. आत्ता वाचताना स्वतःलाच तसं वाटत असेल तर कमेंट नंतर करा, आधी तो नंबर लावा.