दिनविशेष : २६ ऑक्टोबर
१९१४ : बालनट जॅकी कूगन यांचा जन्म

चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला, मोठ्या टोपीखालून टुकूटुकू बघणारा अनाथ पोरगा म्हणजे जॅकी कूगन. त्याचा जन्म लॉस एंजेलिसचा. आईवडील रंगमंचावरचे कलाकार. तिथेच चॅप्लिनने त्याला हेरले. १९२१मध्ये ‘द किड’ झळकला आणि हा मुलगा जगभर पोचला. पुढच्याच वर्षी तो ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ झाला. १९२४मध्ये युद्धामुळे अनाथ झालेल्या मुलांसाठी त्याने मदतफेरीही काढली.

लाखो डॉलर कमावलेल्या जॅकीच्या हाती मात्र त्यातले फारसे लागले नाही. १९३५मध्ये मोटार अपघातात वडील गेले. पुढे आई आणि सावत्र वडिलांनी पैसे देण्यास नकार दिला. अल्पवयीन मुलाची कमाई पालकांची, असाच तेव्हाचा कायदा होता. १९३८मध्ये कूगन कोर्टात गेले. हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. या प्रकरणाचा एवढा गाजावाजा झाला, की १९३९मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याची तरतूद करणारा कायदा केला. तो आजही ‘कूगन कायदा’ म्हणूनच ओळखला जातो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या मोहिमेत त्यांनी ग्लायडर चालवले. पुढे ‘द ॲडम्स फॅमिली’ (१९६४-६६) या मालिकेतल्या टकल्या अंकल फेस्टरने त्यांना नवा प्रेक्षक मिळवून दिला. १ मार्च १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.