कारामझीन, निकोलाय मिखायलोविच

कारामझीन, निकोलाय मिखायलोविच : (१२ डिसेंबर १७६६–३ जून १८२६). रशियन इतिहासकार, गद्यलेखक व नियतकालिकांचा संपादक. ‘रशियन राज्याचा इतिहास’ या त्याच्या ग्रंथाचे बारा खंड १८१८ ते १८२९ या काळात प्रसिद्ध झाले आणि पंडितांच्या कपाटात पडून असलेला रशियाचा प्राचीन व मध्ययुगीन इतिहास त्यामुळे प्रथमच सामान्य सुशिक्षित वाचकाच्या हाती आला. त्याच्या आधी तातीश्चेव आणि श्चेर्बातोव यांनी रशियाचे मोठे इतिहास लिहिले होते. पण ते आवडीने वाचावेत असे गद्य त्यांना साधले नव्हते. कारामझीनच्या ग्रंथाचे दोन भाग मानले पाहिजेत. एक म्हणजे ओघवते कथन आणि दुसरा म्हणजे प्रत्येक खंडाच्या शेवटी जोडलेल्या टिपा. कथनाची जागा पुढच्या इतिहासकारांनी घेतली, टिपांची जागा मात्र कोणालाच पूर्णपणे घेता आलेली नाही.

त्याचा जन्म व्होल्गाकाठच्या सिंबीर्स्क प्रांतातील एका मध्यम स्थितीच्या जमीनदार घराण्यात झाला. वडील निवृत्त लष्करी अधिकारी होते आणि घराण्याचे मूळ कारा-मुर्झा नावाच्या तातार सरदाराकडे नेले जाई. मॉस्को येथे प्राध्यापक शाडेन यांच्या निवासी शाळेत त्याने जर्मन व फ्रेंच भाषांचे चांगले शिक्षण घेतले. पुढे राजरक्षक दलाच्या प्रेओब्राझेन्स्की पलटणीत त्याने थोडा काळ नोकरी केली, पण वडिलांच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये ती सोडून तो साहित्याकडे वळला. मॉस्कोत प्रकाशक निकोलाय नोविकोव याच्या वर्तुळात त्याने मुलांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकाचे संपादन केले आणि शेक्सपिअरच्या ‘जूलियस सीझर’चे गद्य भाषांतरही केले. १७८९–९० मध्ये त्याने जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि इंग्लंड असा प्रवास केला. त्यात केनिग्सबर्ग येथे कांट, वायमार येथे हेर्डर आणि झुरिक येथे लाव्हाटर यांची भेट घेतली आणि पॅरिसमध्ये राज्यक्रांतीचे पहिले पर्व प्रत्यक्ष पाहिले. या प्रवासावरची त्याची ‘रशियन प्रवाशाची पत्रे’ गाजली. क्रांतीचे सुरुवातीला वाटलेले कुतूहल राजाच्या वधानंतर मावळले आणि सत्ता ढासळली की समाज ढासळतो ही भीती त्याच्या मनात कायमची रुजली. त्याच्या इतिहासलेखनाची मुळे या अनुभवापर्यंत जातात.

परत आल्यावर त्याने ‘मॉस्को जर्नल’ (१७९१–९२) काढले. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गरीब लिझा’ या कथेत फुले विकणारी शेतकऱ्याची मुलगी एका उमरावाच्या प्रेमात फसते आणि तळ्यात जीव देते. ही कथा वाचून लोक मॉस्कोच्या सिमोनोव मठाजवळचे ते तळे पाहायला जाऊ लागले. बुद्धीपेक्षा हृदयाच्या साक्षीला अधिक मान देणाऱ्या, साध्या माणसाच्या दुःखाला साहित्याचा विषय करणाऱ्या या प्रवृत्तीला भावनावाद म्हणतात आणि रशियातील तिचा प्रमुख लेखक कारामझीन होय. ‘मॉस्को जर्नल’मध्येच त्याने कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील पहिल्या व चौथ्या अंकांचे रशियन रूपांतर छापले. हे रूपांतर मूळ संस्कृतावरून झालेले नव्हते. विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून गेओर्ग फोर्स्टरने केलेल्या जर्मन भाषांतराचा त्याला आधार होता. तरीही सोबतच्या प्रस्तावनेत त्याने कालिदासाला होमरच्या बरोबरीचे स्थान दिले, हे त्या काळाचा विचार करता लक्षणीय आहे.

भाषेच्या इतिहासातही त्याचे नाव महत्त्वाचे आहे. तोपर्यंतचे रशियन लेखन चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेच्या भाराखाली वाकलेले होते. कारामझीनने सुशिक्षित माणसे घरात बोलतात त्या भाषेला वाक्याची शिस्त दिली आणि नव्या कल्पनांसाठी नवे शब्द घडवले. अॅडमिरल शिश्कोव याने १८०३ मध्ये या नव्या शैलीविरुद्ध ग्रंथच लिहिला आणि पुढची दहा-बारा वर्षे हा वाद चालू राहिला. तो अखेर कारामझीनच्या बाजूने निकाली निघाला आणि पुश्किनच्या पिढीला वापरण्याजोगे गद्य तयार मिळाले.

‘यूरोपवार्ता’ (१८०२–०३) हे नियतकालिक चांगले चालत असतानाच त्याने इतिहासाकडे वळण्याचा निश्चय केला. शिक्षण खात्यातील मुराव्योव याच्या मध्यस्थीने झार पहिला अलेक्झांडर याने ३१ ऑक्टोबर १८०३ च्या (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) हुकुमाने त्याला राज्याचा अधिकृत इतिहासकार नेमले आणि वर्षाला दोन हजार रूबल तनखा बांधून दिला. नेमणुकीमुळे सरकारी दप्तरखाने व मठांचे ग्रंथसंग्रह त्याच्यासाठी खुले झाले. १८०४ मध्ये त्याचा दुसरा विवाह कवी व्याझेम्स्की याच्या सावत्र बहिणीशी झाला आणि मॉस्कोजवळच्या ओस्ताफ्येवो येथील व्याझेम्स्की घराण्याच्या वाड्यात पुढची सुमारे बारा वर्षे, विशेषतः उन्हाळ्यात, तो लिहीत राहिला.

त्याच्या कामाचा पाया होता लेतोपिस. लेतोपिस म्हणजे मठांतून साधूंनी वर्षावर्षाने लिहीत नेलेली वृत्तांताची पोथी. मराठी वाचकाला तिचे रूप बखरीपेक्षा शकावलीच्या जवळचे वाटेल. फरक इतकाच की लेतोपिसात कोरड्या नोंदींच्या शेजारी संतचरित्रे, तह, युद्धकथा व प्रवासवर्णनेही सामावलेली असतात. एकाच घटनेची वेगवेगळ्या पोथ्यांतील नोंद शेजारी ठेवून पाहणे, तिला परदेशी वकिलांच्या व प्रवाशांच्या वृत्तांतांचा पडताळा देणे आणि मगच ती कथनात घेणे, ही त्याची पद्धत होती. परराष्ट्र खात्याच्या मॉस्कोतील दप्तरखान्यातून तसेच मुसिन-पुश्किनसारख्या संग्राहकांकडून त्याला कागद मिळत गेले. दक्षिण रशियाच्या, म्हणजे कीव्ह व गालिच-व्होलिन या भागांच्या इतिहासाचे मुख्य साधन असलेली इपात्येव लेतोपिस अभ्यासकांच्या वापरात आली ती त्याच्यामुळेच. ग्रंथातील टिपांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे आणि त्यांत त्याने मूळ उतारे भरभरून दिले आहेत, पुष्कळदा कथनाला लागतील त्याहून जास्त. कथा वाचणाऱ्याला हा पसारा वाटला असेल. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तीच ग्रंथाची खरी श्रीमंती आहे.

याचा प्रत्यय १८१२ साली आला. नेपोलियनच्या स्वारीत मॉस्को जळाले, त्यात कारामझीनचे स्वतःचे ग्रंथालय गेले, मुसिन-पुश्किनचा संग्रह गेला आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी चर्मपत्रावर लिहिलेली, १४०८ पर्यंतच्या घटना नोंदवणारी त्रोइत्स्की लेतोपिसही भस्मसात झाली. तिची दुसरी प्रत नव्हती. पण कारामझीनने ती आधी बारकाईने वाचून टिपांत जागोजागी उतरवून ठेवली होती. संशोधक प्रिसेल्कोव याने या उताऱ्यांना मुख्य आधार करून आणि इतर पोथ्यांची जोड देऊन त्या लेतोपिसाची पुनर्रचना केली. ती १९५० मध्ये छापली गेली. जळालेली पोथी इतिहासकाराच्या टिपांतून पुन्हा उभी राहावी, असे भाग्य फार थोड्या ग्रंथांच्या वाट्याला आले आहे.

पहिले आठ खंड घेऊन तो १८१६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेला. झारने छपाईसाठी साठ हजार रूबल दिले आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये खंड विक्रीला आले तेव्हा तीन हजार प्रती महिनाभरात संपल्या. त्या काळच्या रशियात इतक्या मोठ्या व महाग ग्रंथाची अशी विक्री पूर्वी झालेली नव्हती. कोलंबसाला अमेरिका सापडली तसा प्राचीन रशिया कारामझीनला सापडला, अशा अर्थाचे उद्गार पुश्किनने काढले. लवकरच ग्रंथाची फ्रेंच व जर्मन भाषांतरेही निघाली.

ग्रंथाचे सूत्र एका वाक्यात मांडता येते : राज्य एकसंध आणि सत्ता एकहाती असते तेव्हा रशिया भरभराटीला येतो आणि सत्ता राजपुत्रांत वाटली गेली की तो बुडतो. कीव्हच्या राज्याचे तुकडे होणे, त्यातून मंगोलांचे वर्चस्व येणे आणि मॉस्कोच्या राजांनी पुन्हा सर्व प्रदेश एका छत्राखाली आणणे, असा क्रम तो या सूत्रावर लावतो. त्याचा खरा नायक सहाव्या खंडातील तिसरा इव्हान आहे. यूरोपचे अनुकरण लादणाऱ्या पीटर द ग्रेटपेक्षा तो त्याला श्रेष्ठ वाटे. हाच विचार त्याने ‘प्राचीन व अर्वाचीन रशिया’ या १८११ च्या टिपणात उघडपणे मांडला. स्पेरान्स्की या मंत्र्याच्या सुधारणांवर टीका करणारे आणि भूदासांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या कुळांच्या, मुक्ततेला विरोध करणारे हे टिपण त्याने झारच्या बहिणीमार्फत झारच्या हाती दिले. झार त्यावर नाराज झाला आणि कारामझीनच्या हयातीत ते छापले गेले नाही. भूदासांविषयीची त्याची भूमिका ‘गरीब लिझा’च्या लेखकाला शोभणारी नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे, शेतकरी मुलीच्या हृदयाला दिलेला न्याय त्याने शेतकऱ्याच्या हक्काला दिला नाही.

मात्र एकाधिकाराचा हा पुरस्कर्ता कागदपत्रांशी प्रामाणिक होता आणि त्यामुळेच १८२१ चा नववा खंड त्याच्या सर्व लेखनात सर्वांत धाडसी ठरला. या खंडात ‘भयंकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या इव्हानच्या कारकिर्दीचा १५६० नंतरचा भाग येतो. इव्हानने राज्याचा एक हिस्सा वेगळा काढून त्यावर आपले खास सशस्त्र सेवक नेमले. या व्यवस्थेला ओप्रिचनिना म्हणतात. तिच्या नावाखाली झालेले सरदारांचे वध, १५७० मधली नोव्हगोरोदची कत्तल आणि पळून गेलेल्या कुर्ब्स्कीने झारवर ठेवलेले आरोप कारामझीनने आडपडदा न ठेवता मांडले. राजाने नेमलेल्या, राजाच्या पैशाने छापणाऱ्या लेखकाने राजसत्तेच्या अत्याचाराचे असे चित्र काढणे वाचकांना अनपेक्षित होते. रिलेयेवसारख्या, पुढे १८२५ च्या बंडात फासावर गेलेल्या कवीनेही या खंडाची मनापासून वाखाणणी केली. कारामझीनचा स्वतःचा निष्कर्ष मात्र वेगळा होता : दुष्ट राजा हे दैवी संकट आहे, प्रजेने ते सोसावे आणि इतिहासाने त्याला शिक्षा द्यावी. त्याने गोळा केलेले पुरावे या निष्कर्षात मावत नाहीत.

दहावा व अकरावा खंड १८२४ मध्ये निघाले. १५९१ मध्ये उग्लिच येथे झालेल्या राजपुत्र द्मित्रीच्या मृत्यूचा दोष कारामझीनने बोरिस गदुनोववर ठेवला. या प्रकरणी त्याने परंपरेवर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला आणि नंतरच्या अनेक इतिहासकारांनी हा आरोप सिद्ध होत नाही असे दाखवले. पुश्किनने ‘बोरिस गदुनोव’ या नाटकाचे कथानक याच खंडांवरून घेतले आणि ते कारामझीनच्या स्मृतीला अर्पण केले.

ग्रंथावर टीकाही लगेच सुरू झाली. राष्ट्राचा इतिहास राजाच्या मालकीचा आहे असा भाव अर्पणपत्रिकेत होता. निकिता मुराव्योव या तरुण अधिकाऱ्याने हस्तलिखित रूपात फिरवलेल्या लेखात तो जनतेचा आहे असे उत्तर दिले. पोलिश इतिहासकार लेलेवेल आणि मॉस्कोचा प्राध्यापक काचेनोव्स्की यांनी आधारसाधनांच्या चिकित्सेवर आक्षेप घेतले. निकोलाय पोलेवोय याने १८२९ पासून ‘रशियन जनतेचा इतिहास’ लिहायला घेतला. ते शीर्षक हाच कारामझीनला दिलेला जवाब होता. १८५१ पासून सेर्गेय सोलोव्योवचे २९ खंड निघू लागले आणि राजांच्या गुणदोषांऐवजी संस्था, भूगोल व वस्ती यांना महत्त्व आले. यातले मुख्य आक्षेप योग्यच होते : कारामझीनच्या ग्रंथात शेतकरी, व्यापार व कारागिरी यांना दुय्यम जागा आहे आणि जुन्या काळच्या माणसांच्या तोंडी तो आपल्या काळच्या भावना घालतो.

१४ डिसेंबर १८२५ (जुने पंचांग) रोजी सेंट पीटर्सबर्गच्या सिनेट चौकात लष्करी अधिकाऱ्यांचे बंड झाले, त्या दिवशी कारामझीन रस्त्यावर होता. त्या थंडीनंतर आलेल्या दुखण्यातून तो पूर्ण बरा झाला नाही. नव्या झारने हवापालटासाठी इटलीला जाण्याची व्यवस्था केली आणि कुटुंबाला मोठा तनखा दिला, पण प्रवास घडण्यापूर्वीच सेंट पीटर्सबर्ग येथे त्याचे निधन झाले. अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या आवारात त्याचे दफन झाले. बारावा खंड १८२९ मध्ये निघाला. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या अराजकाचे वर्णन करताना तो अर्ध्यातच थांबतो. सिंबीर्स्क (आजचे उल्यानोव्स्क) येथे १८४५ मध्ये त्याचे स्मारक उभारले गेले. त्याच्या शिरोभागी इतिहासाची देवता क्लिओ आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी कारामझीनचा एक थेट दुवा आहे. त्रोइत्से-सेर्गियेव मठाच्या ग्रंथसंग्रहात त्याला त्वेर येथील व्यापारी अफानासी निकितिन याचे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे वृत्त सापडले आणि सहाव्या खंडाच्या टिपांत त्याने त्यातील उतारे दिले. वास्को द गामाच्या कितीतरी आधी एक रशियन माणूस भारतात राहून गेला होता, याकडे त्याने आवर्जून लक्ष वेधले. निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला, तेथील सुभेदार असदखानाने जप्त केलेला घोडा त्याला खटपटीने परत मिळाला, पुढे तो बहमनी राजधानी बीदरला बराच काळ राहिला आणि दाभोळहून परत निघाला. पंधराव्या शतकातील कोकण व देश यांविषयी परक्या व्यापाऱ्याच्या नजरेतून मिळणारी इतकी जिवंत माहिती विरळाच. या वृत्ताची पूर्ण संहिता पावेल स्त्रोयेव याने १८२१ मध्ये छापली आणि १८५७ मध्ये लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.