वर चढावं तसं मागे

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीतून वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतरा. गाडी निघून गेली की समोर नानाचा अंगठा हा कडा दिसतो, आणि तिथवर आपल्याला चढायचंय यावर आधी विश्वास बसत नाही. दोन-तीन तासांची वाट आहे. सुरुवात साग, ऐन, पळसाच्या रानातून. आश्विनातलं ऊन पाठीत घुसतं. ओढ्याला पाणी असेल तर तोंड धुऊन घ्या.

पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचत गेले, म्हणून चढावं तसा दगड तरुण होत जातो. माणसांचा काळ या वाटेवर उलटा लागतो: पायथ्याशी डांबरी रस्ता, माथ्याजवळ सातवाहन.

पुढे कारवी सुरू होते. ही झुडपं सात-आठ वर्षांतून एकदा फुलतात, आणि फुलतात तेव्हा सगळा उतार जांभळा होऊन मधमाश्यांनी घोंघावतो. घाटाखालचे आणि वरचे महादेव कोळी, ठाकर पिढ्यान्‌पिढ्या तिच्या काठ्यांचे कूड उभारून वर शेणमाती लिंपत आले. वाळकी काठी मिळाली तर हातात घ्या, पुढे पायऱ्या उंच आहेत. मोबाइलची रेंज गेली का? मग शतकंही सुटायला लागतील.

पहिल्या वळणावर 1828 चा उन्हाळा लागतो. साईक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी घामाघूम होऊन उभा आहे. मुंबई सरकारसाठी हा दख्खनची गावं, जमिनी, पिकं मोजत हिंडतो आणि जमेल तसे पक्षीही टिपतो. पुढे एका चंडोलाला त्याचंच नाव मिळेल. वरच्या लेण्यातल्या अक्षरांची खबर विद्वानांपर्यंत नेणारा तोच. त्याला वाट दाखवणारा कुणी इथला असणारच. त्याच्याशी बोलून घ्या, साईक्सच्या टिपणांपेक्षा त्याच्याकडे जास्त मिळेल.

आणखी थोडं वर गेलात की जीवधनच्या कड्यावर मशाली दिसतात. निजामशाहीचा वारस असलेलं पोर त्या किल्ल्यात कोंडलेलं आहे. शहाजीराजे त्याला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवतील आणि 1636 मध्ये निजामशाही बुडेलच. तुम्हाला थांबायचं कारण नाही.

आता घुंगरमाळा. बैलांची, गाढवांची रांग वाटेवर आली आहे आणि तुमच्या पाठीवरची सॅक मिठाच्या गोणीइतकी जड झाली आहे. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. मागे सोपारा आणि कल्याणची बंदरं, पुढे जुन्नर, त्याच्याही पुढे पैठण आणि तेर. खाली येणाऱ्या जनावरांवर कापडाचे गठ्ठे. त्यांना वाट द्यायला कड्याला चिकटून उभं राहावं लागतं. तांड्याचा नायक, सार्थवाह, मागून ओरडतो. थांबू नका, टाक्यांपाशी पाणी मिळेल.

टाक्यांचं पाणी थंड. शेजारच्या लेण्यात शिरा आणि भिंतीकडेच्या दगडी बाकावर टेका. मागच्या भिंतीत आठ पुतळे, प्रत्येकाच्या वर नाव: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, मग राजकुमार, एक महारठी. (तुमच्या काळात नावं उरली आहेत, पुतळे गेले, जेमतेम पावलांच्या खुणा राहिल्या.) ज्या नायनिकेला आपण नागनिका म्हणतो तिचाच लांबलचक लेख दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आहे, प्राकृतात आणि ब्राह्मी अक्षरांत. आधी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन. मग यज्ञ, आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी.

आकडे बघा. शून्य अजून नाही. हजाराच्या खुणेला सहाची खूण जोडायची, शेजारी एक आडवी रेघ मारायची: 6,001. एका यज्ञात 24,400 कार्षापण दक्षिणा दिली, आणि हे 6,001 जमलेल्या बघ्यांना नि सेवेकऱ्यांना, असा अर्थ अभ्यासक लावतात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी या अंकांचा उलगडा केला आणि भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला जागा मिळाली. मला स्वतःला तो 6,001 फार आवडतो. एवढ्या दानाच्या यादीत ही ओळ मिठाच्या गोण्या वाहणाऱ्यांच्या जवळपास जाते.

लेण्यातून निघालात की वाट दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खिंडीत शिरते. वारा इथे अंगावर येतो. पावसाळ्यात हाच वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडवतो. खिंड संपते तिथे दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकायची असं तुमच्या काळात सगळे सांगतात, घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. लेण्यातल्या लेखात रांजणाचा शब्दही नाही. चढून आलेल्या माणसाला हवं असतं ते पाणी, आणि रांजण कुठल्याही घरात पाण्याचाच असतो. तरी जकातीची गोष्ट मोडवत नाही.

जकात द्या, गोणी बैलावर चढवा आणि घाटघरच्या बाजूला लागा. हिरड्याची झाडं इथून सुरू होतात. पुढे दोन हजार वर्षांनी या गावांतली माणसं बाळहिरडा वेचून घर चालवणार आहेत. जुन्नर अजून लांब आहे. तिथल्या डोंगरात धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे त्यांचा संघ, लेणं आणि पाण्याचं टाकं खोदवून देईल, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींची नावंही दगडात येतील. यवन दात्यांचीही येतील. सार्थवाहाला विचारा, मिठाच्या गोणीमागे तुम्हाला काय मिळणार ते; आणि आधी ठरवून घ्या, जुन्नरला पोहोचल्यावर तो भाव पाडेल.