परदेशात असताना पासपोर्टचं नूतनीकरण आणि सासरचं नाव : मुळशीतल्या घरच्यांना काय माहीत असायला हवं

पौड : हिंजवडी-माणच्या आयटी पार्कमधून 'ऑनसाइट'ला गेलेली पोरं, त्यांच्यामागं लग्न होऊन गेलेल्या मुली, आखातात ड्रायव्हिंग किंवा हॉटेलच्या कामाला असलेली माणसं. मुळशी तालुक्यात आता बऱ्याच घरांतून कुणी ना कुणी बाहेरदेशी आहे. मुलीचा पासपोर्ट लग्नाआधी माहेरच्या नावानं काढलेला असतो, लग्न होतं, ती नवऱ्याबरोबर जाते आणि तीन-चार वर्षांनी मुदत संपत आली की घरी फोन येतो, "पासपोर्ट इथंच नवा करायचाय, नावपण बदलायचंय, गावातून कुठला कागद लागेल?" त्यासाठी काय करायचं, कोणता कागद कुठून मिळतो आणि कुठं गाडी अडते, याची ही माहिती.

आधी हे ठरवा : नाव बदलायलाच पाहिजे का?

नाही. लग्नानंतर बाईनं नवऱ्याचं नाव, आडनाव लावलंच पाहिजे असा कायदा आपल्याकडं नाही. माहेरच्या नावानं पासपोर्ट पुढं चालू ठेवता येतो. 'पती' या रकान्यात नवऱ्याचं नाव घालता येतं आणि स्वतःचं नाव मात्र आहे तेच ठेवता येतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बरेच जण त्या एकच समजतात.

डिग्री, नोकरीची कागदपत्रं, व्हिसा सगळं माहेरच्या नावानं असेल तर नाव न बदलणं सोपं पडतं. तिकडची बँक, मुलांची शाळा, दवाखाना यात नवरा-बायकोचं एक आडनाव असलेलं बरं वाटत असेल तर बदलावं. निर्णय घरात बसून आधी घ्यावा. एकदा बदललं की मागं फिरायला परत तेवढेच कागद लागतात.

मराठी नावाची खास अडचण

आपल्याकडं नाव तीन भागांचं. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं आणि आडनावही बदलतं. म्हणजे माहेरची मारणे सासरी ढमाले झाली, एवढ्यावर भागत नाही, मधलं नावही बदलतं. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' आणि 'आडनाव' असे दोनच रकाने असतात. स्वतःचं नाव आणि मधलं नाव पहिल्या रकान्यात जातं. त्यामुळं लग्नानंतर दोन्ही रकाने बदलतात. फॉर्म भरताना नुसतं आडनाव बदललं तर नव्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि सासरचं आडनाव अशी खिचडी होते. मग ते नाव ना माहेरच्या कागदाशी जुळतं, ना सासरच्या.

दुसरी अडचण तांदळात काढलेल्या नावाची. काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. विवाहाच्या दाखल्यावरून मधलं नाव आणि आडनाव बदलणं समजू शकतं, पण पहिलं नावच वेगळं झालं की ते पूर्ण नावबदलात मोडतं. त्याला राजपत्रात प्रसिद्धी वगैरे वेगळे पुरावे मागतात. पासपोर्टपुरतं तरी पहिलं नाव जुनंच ठेवावं, हे सोयीचं.

पाया म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला

देवळात लागलेलं लग्न, मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका यातलं काहीही नोंदणीच्या दाखल्याची जागा घेत नाही. महाराष्ट्रात 'विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८' लागू आहे. गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लग्न झाल्यापासून ९० दिवसांत नोंद करायची असते. उशीर झाला तरी विलंब शुल्क भरून नोंद होते.

त्यासाठी नमुना 'ड' भरायचा. नवरा, नवरी आणि तीन साक्षीदार यांनी समक्ष हजर राहायचं. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका सोबत न्यायची. नोंद झाल्यावर नमुना 'ई' मध्ये दाखला मिळतो.

इथंच मोठी मेख आहे. समक्ष हजर राहायचं असल्यामुळं दोघं परदेशात गेल्यावर घरच्यांना हे काम परस्पर करता येत नाही. म्हणून लग्नानंतर विमानात बसायच्या आधी नोंदणी उरकून घ्यावी. राहून गेलीच असेल तर पुढच्या सुट्टीत पहिलं काम ग्रामपंचायतीचं.

दाखला घेताना इंग्रजी स्पेलिंग नीट बघा. पासपोर्टवर आडनावात 'ए' एकदा आणि दाखल्यावर दोनदा असं झालं तरी तिकडं काउंटरवर अर्ज अडतो. ग्रामपंचायतीत जाताना दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा आणि त्याप्रमाणंच नाव लिहायला सांगा.

दाखला नसेल तर? नवऱ्याचं नाव पासपोर्टवर घालण्यासाठी २०२५ पासून 'परिशिष्ट जे' हा पर्याय आहे. नवरा-बायकोचा एकत्र फोटो लावून दोघांनी सही केलेलं ते घोषणापत्र असतं. तरी नावच बदलायचं असेल तर दाखला हाच सगळ्यात भक्कम कागद.

नवरा सही द्यायला तयार नसेल, घरात वाद असेल, तरी बाईचा पासपोर्ट अडवता येत नाही. बायकोला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी किंवा सही लागत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. अशा वेळी आहे त्याच नावानं नूतनीकरणाचा अर्ज करावा.

परदेशात अर्ज कसा होतो

सरकारी भाषेत याला नूतनीकरण म्हणत नाहीत, 'री-इश्यू' म्हणतात. जुन्या पुस्तिकेत खाडाखोड करून नाव बदलत नाहीत. नवी पुस्तिका येते आणि तिचा नंबरही नवा असतो. मोठ्या माणसांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो.

१. ज्या देशात राहता तिथल्या भारतीय दूतावासाकडं किंवा वाणिज्य दूतावासाकडं अर्ज करायचा. मोठ्या देशात एकाहून जास्त कार्यालयं असतात आणि राहत्या राज्यावरून कुठलं ते ठरतं.

२. परदेशातल्या भारतीयांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं वेगळं पासपोर्ट सेवा पोर्टल आहे. तिथं नोंदणी करून देश आणि कार्यालय निवडायचं, फॉर्म भरायचा आणि प्रिंट काढायची.

३. कारण निवडताना 'वैयक्तिक तपशिलात बदल' हे निवडायचं. मुदत संपतेय आणि नावही बदलायचंय, ही दोन्ही कामं एकाच अर्जात होतात. आधी मुदतीसाठी आणि मग नावासाठी अशी दोनदा फी भरू नका.

४. बऱ्याच देशांत कागद दूतावास स्वतः घेत नाही, नेमलेली कंपनी घेते. अमेरिकेत हे काम व्हीएफएस ग्लोबलकडं आहे. फी त्या देशाच्या चलनात, वर कंपनीचा सेवा आकार.

५. साधारण लागतात ते कागद : मूळ पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्स, विवाहाचा दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, तिथल्या राहण्याच्या परवान्याची म्हणजे व्हिसाची प्रत, तिथल्या पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो. प्रत्येक कार्यालयाची यादी थोडी वेगळी असते. अर्जाच्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवरची यादी बघूनच कागद लावावेत.

दाखल्यावर अपोस्टिल लागतं का, असं बरेच जण विचारतात. भारतातला दाखला भारतीय दूतावासात दाखवायला सहसा त्याची गरज नसते, कारण दोन्ही आपलीच कार्यालयं. अपोस्टिल लागतं ते परदेशी सरकारला दाखला द्यायचा असेल तेव्हा, जसं की बायकोचा व्हिसा काढताना. लग्न परदेशात झालं असेल तर मात्र उलट. तिथला दाखला तिथल्या सरकारकडून प्रमाणित करून दूतावासाला द्यावा लागतो.

गावात पोलीस आले तर

अर्ज दुबईत किंवा लंडनमध्ये केला तरी चौकशी गावाकडं येऊ शकते, नाव बदललेलं असेल तर जास्तच. फॉर्ममध्ये भारतातला जो पत्ता दिला, त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याकडं कागद जातो. पौड, पिरंगुट, कोळवण भाग पुणे ग्रामीणच्या पौड ठाण्याकडं, तर हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडं आहे.

फॉर्ममध्ये माहेरचा पत्ता दिला की सासरचा, हे मुलीनं दोन्ही घरी सांगून ठेवावं. पोलीस सासरी आले आणि घराला कुलूप, शेजारी म्हणाले "आम्ही तिला लग्नात एकदाच पाहिली", असं झालं तर अहवाल उलटा जातो आणि तिकडं पासपोर्ट लटकतो. घरच्यांनी विवाहाचा दाखला, मुलीच्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, आधार आणि रेशनकार्ड एका फाइलमध्ये तयार ठेवावं. पडताळणीसाठी वेगळी फी नसते, ती अर्जाच्या फीतच आली. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

व्हिसा आणि तिकिटाचं काय?

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. तो फेकू नका. त्यात चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून प्रवास करावा लागतो. नाव वेगळं असल्यामुळं विवाहाचा दाखलाही जवळ असावा. काही देशांत नव्या पासपोर्टची नोंद लगेच करावी लागते. ब्रिटनमध्ये आता ई-व्हिसा आहे आणि नव्या पासपोर्टचा नंबर तिथल्या ऑनलाइन खात्यात भरला नाही तर विमानतळावर अडवतात. आखातात राहण्याचा परवाना पासपोर्टला जोडलेला असतो, त्यामुळं कंपनीच्या माणसाला आधी सांगावं.

तिकीट नेहमी ज्या पासपोर्टवर प्रवास करणार त्याच नावानं काढावं. गावाकडून भावानं प्रेमानं माहेरच्या नावानं तिकीट काढलं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा, असं झालं तर ते तिकीट वाया जाऊ शकतं. शिवाय बरेच देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नये.

सुट्टीत गावी येऊन केलं तर

चालतं. भारतात २०१८ पासून कुठल्याही पासपोर्ट केंद्रात अर्ज करता येतो. मुळशीला जवळचं म्हणजे पुण्यात मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र. बाणेरला पासपोर्ट भवन, म्हणजे विभागीय कार्यालय आहे. ३६ पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये, ६० पानांच्या पुस्तिकेला २००० रुपये फी आहे. पण परतीचं तिकीट पंधरा दिवसांवर असेल तर नावबदलाचं काम अंगावर घेऊ नका. तत्काळवरही विसंबू नका. पडताळणीत अडकलं तर ना जुना हातात ना नवा, आणि तिकडं नोकरी थांबते.

सातबारा विसरू नका

मुळशीत ही गोष्ट सगळ्यात महागात पडते. मुलीला वडिलांच्या जमिनीत हक्क आहे. वारसनोंद बऱ्याचदा माहेरच्या नावानं लागलेली असते. पुढं रिंग रोडच्या भूसंपादनाचा मोबदला असो, वाटणीपत्र असो की विक्री, सातबाऱ्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर "ही तीच बाई कशावरून?" हा प्रश्न येतोच.

त्याला उत्तर म्हणून तीन कागद जपून ठेवावेत. दोन्ही नावं दाखवणारा विवाहाचा दाखला, माहेरच्या नावाचा जुना पासपोर्ट आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. बाहेरून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर ते दूतावासात सही करून घ्यावं आणि त्यात दोन्ही नावं 'उर्फ' म्हणून लिहावीत. असं पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. बहिणीची सही अडली म्हणून भावाचं काम थांबतं, तसंच कागद जुळत नाहीत म्हणून बहिणीचा हिस्साही मागं राहतो. त्यामुळं हे दोघांच्याही फायद्याचं आहे.

आधार, पॅन आणि बँक यातलं नाव पासपोर्टनंतर सावकाश बदलता येतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथं स्पेलिंग पासपोर्टसारखंच टाकावं.

शेवटचं, पण महत्त्वाचं

सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. दिसायला तशीच पण दुसरीकडंच पैसे घेणारी पानं नेटवर आहेत. पासपोर्टचा टोल फ्री नंबर १८००-२५८-१८०० आहे. फॉर्ममध्ये खोटं काही लिहू नका. पासपोर्ट कायदा, १९६७ प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

ज्यांच्या घरात यंदा लग्न आहे आणि मुलगी बाहेर जाणार आहे, त्यांनी हळद उतरली की दोघांना ग्रामपंचायतीत नेऊन नोंद करून घ्यावी, दाखल्याच्या चार प्रती काढाव्यात आणि एक मुलीच्या बॅगेत ठेवावी.