उसातली पिल्लं, कॅमेऱ्यातली आई

कुकडीचं पाणी आलं, जुन्नरला ऊस वाढला आणि बिबट्याची मादी उसातच विऊ लागली. तोडणीत बायांना पिल्लं सापडू लागली. 2001 ते 2003 या काळात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडले. हल्ले उलट वाढले, असं विद्या अथ्रेया यांच्या अभ्यासात दिसलं.

आता पिल्लं दूर नेत नाहीत. वनखातं आणि माणिकडोह निवारा केंद्राची माणसं ती तपासून संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवतात, शेजारी कॅमेरा लावतात. रात्री आई येते, खोकं उलथवते, पिल्लाला मानेला धरून उसात नेते. दुसऱ्यासाठी पुन्हा येते. माणसाचा हात लागलेलं पिल्लू आई टाकते म्हणतात ना? चित्रांत तसं दिसत नाही. मात्र ती येऊन जाईपर्यंत तो फड सोडायचा, मुकादम कितीही ओरडो.