ऊन-सुरक्षा शिक्षण, बालवयातील

सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचा व डोळे जपण्याच्या सवयी लहान मुलांना खेळ, गाणी, बाहुल्या व सोप्या प्रयोगांतून लावण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियात ती अनेक बालवाड्यांच्या दिनक्रमाचा भाग आहे. प्रखर ऊन आणि गौरवर्णीयांची मोठी संख्या यांमुळे त्या देशात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात फार वरचे आहे. बालपणी त्वचा उन्हाने भाजल्यास पुढे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून शिक्षणाची सुरुवात याच वयात करतात.

इतिहास : व्हिक्टोरिया राज्यातील कर्करोग परिषदेने १९८१ मध्ये ‘स्लिप! स्लॉप! स्लॅप!’ ही मोहीम सुरू केली. दूरदर्शनवरच्या जाहिरातीत सिड नावाचा नाचरा सीगल पक्षी सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला असे गाऊन सांगे. १९८८ मध्ये ‘सनस्मार्ट’ कार्यक्रम सुरू झाला. २००७ मध्ये मूळ घोषणेतील तीन कृतींत सावली शोधणे व गॉगल लावणे या दोन कृतींची भर पडली. ‘टोपी नाही, तर खेळ नाही’ हा तेथील शाळांचा परिचित नियम आहे. टोपी विसरलेले मूल सावलीत खेळते.

खेळ व कृती : सकाळी आणि दुपारी एकाच जागी उभे राहून खडूने एकमेकांची सावली आखणे हा सर्वांत सोपा खेळ. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की ऊन कडक आहे व आडोशाला जायचे, हे मुलांना आकडे न शिकताही उमगते. दुसऱ्या प्रयोगातले पांढरे मणी अतिनील किरण पडताच रंगीत होतात. काही मण्यांना सनस्क्रीन चोपडून बाकीचे तसेच ठेवले, की फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. मात्र हे मणी कमी किरणांतही रंगतात, म्हणून त्यांना मोजमापाचे साधन मानू नये. बाहुलीला बाहेर नेण्यापूर्वी लांब बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी घालताना मुले तोच क्रम स्वतःसाठी गिरवतात. पुढे झापड असलेल्या साध्या टोपीने कान व मान उघडी राहतात, हेही बाहुलीवर दाखवता येते. आरशासमोर गाल, नाक व हनुवटीवर सनस्क्रीनचे ठिपके देऊन ते पसरणे मुलांना आवडते. सगळीकडे नीट लागले का, हे मोठ्यांनी पाहावे.

अतिनील किरणांची ऊब जाणवत नाही. गार वाऱ्याच्या किंवा ढगाळ दिवशीही ते तीव्र असू शकतात. त्यामुळे तापमान न पाहता अतिनील निर्देशांक पाहतात व तो ३ किंवा अधिक असल्यास संरक्षण घेतात. सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या सुमारे २० मिनिटे आधी व नंतर दर दोन तासांनी लावतात. सहा महिन्यांखालील बाळांसाठी सावली व कपडे यांवरच भर असतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात : सावळ्या त्वचेला मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे काही प्रमाणात संरक्षण मिळते, तथापि डोळ्यांना अपाय होऊ शकतो. येथील उन्हाळ्यात उष्माघात हा अधिक तातडीचा धोका असल्याने पाणी पिण्याची सवयही याच शिक्षणात यायला हवी. ‘ऊन-सावली’सारखा घरचा खेळ सावली ओळखायला शिकवण्यास उपयोगी पडतो.

मोठ्यांची जबाबदारी : तीन-चार वर्षांचे मूल स्वतःची काळजी पूर्णपणे घेऊ शकत नाही. अंगणात झाड किंवा मांडव, बालवाडीत जादा टोप्या, मैदानी खेळ सकाळी लवकर आणि शिक्षकांच्या स्वतःच्या डोक्यावर टोपी एवढी सोय मोठ्यांनी केली, तरच खेळातून शिकलेली सवय टिकते.